शुभमचे रविवार

महाड,
२० जून १९९९

ती. महिपतीतात्यांना शकूचा वाकून नमस्कार.

पत्रावरचं नाव बघूनच तुमच्या कपाळाला आठी पडली असेल. "आली चंद्याची बहीण वकिली करायला," असं रंगूकाकूंना म्हणूनही झालं असेल. तात्या, चुलीत घालायच्या आधी एकदा वाचा, मग खुशाल घाला. पावसात चूल पेटवायला कागद लागतोच.

रेश्मा शुभमला घेऊन कुडपणला तुमच्याकडे आली ती गेल्या दिवाळीच्या आधी. नवराबायकोत काय बिनसलं ते मी विचारत नाही. चंदू मला एवढंच म्हणाला, की बिरवाडीतली खोली तिला पटत नव्हती, कारखान्याच्या वासाने तिचं डोकं उठायचं, शब्दाने शब्द वाढला आणि ती निघून गेली. तिला परत पाठवा, असं म्हणायला मी हे लिहीत नाही. तिची मर्जी तिच्यापाशी. मी लिहितेय ते शुभमसाठी. सात वर्षांचं पोर ते, आणि इतक्या महिन्यांत बापाचं तोंड बघितलेलं नाही.

माझा भाऊ फार शहाणा आहे असा माझा दावा नाही. पण पोरावर त्याचा जीव आहे. गुरुवारी त्याच्या कारखान्याला सुट्टी. त्या दिवशी तो माझ्याकडे जेवायला येतो. माझं शिवणाचं मशीन खिडकीपाशी, आणि समोर शाळा. शाळा सुटली की हातातला घास हातात धरून हा बाहेर बघत बसतो. मी ओरडते, "अरे, भात गार झाला." तर म्हणतो, "तो पिवळ्या दप्तरवाला शुभमसारखाच चालतो ना गो ताई?" आता असल्या माणसाला मी काय वाढायचं?

एक दिवस पाठवा त्याला. माझ्या घरी, माझ्या डोळ्यांसमोर. दुसरं काही मागत नाही.

रंगूकाकूंच्या गुडघ्यांना कसं आहे?

तुमची,
शकू


कुडपण,
५ जुलै १९९९

चि. शकूस महिपतीचा आशीर्वाद.

तुझं पत्र चुलीत घातलं नाय. घालायला पाहिजे होतं.

खोली पटत नव्हती काय? वासाने डोकं उठत होतं काय? वा रे वा! आणि कुलुपाचं काय? ते सांगितलं नाय वाटतं तुझ्या लाडक्या भावाने? मग मी सांगतो, कान उघडे ठेवून ऐक.

गेल्या साली दसऱ्यानंतर आमची ही तापाने पडली. रेश्मा दोन दिवस वर आली आईचं करायला. पोराची शाळा बुडायला नको म्हणून त्याला बापापाशी ठेवला. बाप पाळी संपवून घरी आला, पोराला जेवायला घातलं. बरं केलं. मग बाहेरून कुलूप लावलं, आणि गेला दोस्तांबरोबर दारू ढोसायला. तो उगवला दुसऱ्या दिवशी सकाळी. तोवर शेजाऱ्यांनी कडी तोडून पोराला बाहेर काढलेला. ओरडून ओरडून घसा बसला होता त्याचा. चार दिवस नीट आवाज फुटत नव्हता. रेश्मा खाली गेली, पोरगं उचललं आणि परत आली. एक वाकडा शब्द बोलली नाय ती. आता तूच सांग, शब्दाने शब्द कुठे वाढला?

मी मुंबईत गिरणीत पंचवीस वर्षं काढली. दारू मीपण बघितलीय. पण पोर कोंडून कोण पितो गो?

शुभम इथे मजेत हाय. शाळेत जातो, गुरांमागे धावतो, आजीच्या मांडीवर झोपतो. बापाचं नाव काढत नाय. तेव्हा तुझा भाऊ खिडकीतून कोणाचीपण दप्तरं बघू दे, आमचं त्यात काय जात नाय. पत्र लिहिलंस, माणुसकी दाखवलीस, इतकं पुरे.

हिचे गुडघे हायेत तसेच हायेत.

महिपती


महाड,
१४ ऑगस्ट १९९९

ती. तात्यांना शकूचा नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं, मशीन बंद केलं आणि तशीच बिरवाडीला गेले. चंदू पाळीवरून येऊन झोपला होता. उठवला आणि विचारलं, "कुलूप?" तात्या, त्याने मान वर केली नाही. मी त्याला जे जे बोलले ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. शेजारची बाई मध्ये पडली नसती तर हात उचलला असता, चाळिशीचा झाला तरी. मला खोटं सांगितलंन! खोलीचं आणि वासाचं!

शेवटी रडायला लागला. म्हणाला, "ताई, खरं सांगितलं असतं तर तूपण मला दारात उभं केलं नसतंस." मी म्हटलं, "नसतंच केलं." आणि तरीही जेवायला घालून आले. काय करू, पाठचा भाऊ पडला.

पोराला कोंडलं त्या दिवसापासून त्याने बाटलीला हात लावलेला नाही, असं तो म्हणतो. तो म्हणतो म्हणून मी मानलं नाही, त्याच्याबरोबर पाळी करणाऱ्या मुरादला विचारलं. मुराद गप्पिष्ट असला तरी खोटा नाही. तोही तेच म्हणाला.

तात्या, चूक मोठी आहे, मी ती झाकत नाही. एकट्या चंदूच्या हाती पोर देऊ नका, मीही देणार नाही. पण आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती बसतो. त्या दीड दिवसासाठी शुभमला येऊ द्या. चंदू आमच्या घरात, दहा माणसांत त्याला भेटेल. पोराला आणायला मी कोणाला तरी पाठवते, रीतीभातीचं माणूस पाठवते. तुमची हरकत असेल तर उलटटपाली कळवा.

शकू


कुडपण,
६ सप्टेंबर १९९९

शकू,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाय.

पावसात आमचा पोस्टमन पंधरा-पंधरा दिवस वर चढत नाय, हे तुला ठाऊक नाय? तुझं पत्र आणि तुझा माणूस दोन्ही एकाच दिवशी आले. आधी माणूस आला, पत्र संध्याकाळी. आणि माणूस कोण? तुमचा सदूकाका! डोक्याला फेटा, हातात नारळ, पिशवीत हिरवी साडी आणि खण. हाच सदूकाका लग्नानंतर पहिल्या गणपतीला सासरकडून मुराळी म्हणून रेश्माला न्यायला आला होता, असाच फेटा बांधून, असंच नारळ-लुगडं घेऊन. आता गणपती आठवड्यावर आलेत आणि तो दारात उभा. आम्ही काय समजायचं?

दारातल्या पाहुण्याला जेवणाआधी "कशाला आलास?" असं विचारायची आमच्यात रीत नाय. तो बोलला नाय, आम्ही विचारलं नाय. हिने त्याला गुळपाणी दिलं आणि आत जाऊन डोळे पुसले. म्हणाली, "देव पावला, पोरीला घेऊन जायला आले." पुरण शिजायला घातलं. मी काय दगड हाय? मलापण वाटलं, माणूस सुधारला असेल. हिने रेश्माची ट्रंक काढली, साड्या भरल्या, वर ही नवी साडी ठेवली, आणि ट्रंक ओटीवर आणून ठेवली.

दुपारी रेश्मा शेतातून आली, डोक्यावर इरलं, पाय चिखलाने भरलेले. ओटीवर ट्रंक, पाटावर सदूकाका पुरणपोळी खातोय. तिने एकदा आईकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. म्हणाली, "मला विचारल्याशिवाय माझी ट्रंक भरलीत?" आणि ट्रंक उघडून एकेक लुगडं अंगणात टाकलं. त्या पावसात! सदूकाका घास गिळायचा विसरला. तेव्हा कुठे चाचरत बोलला की मी रेश्माला नाय, पोराला न्यायला आलोय. ते ऐकून ती आणखी भडकली. आईने डोकं आपटून घेतलं. सगळी वाडी कुंपणाला गोळा झाली. पन्नास वर्षांत माझ्या दारात असला तमाशा झाला नव्हता.

तू कागदावर एक लिहितेस आणि पाठवतेस दुसरंच. ह्याला लबाडी म्हणतात.

आणि पोराचं ऐक. सदूकाका "पोराला न्यायला" बोलला, ते ह्याने ऐकलं. गोंधळात कोणाचं लक्ष नव्हतं. सदूकाका गेला, लुगडी उचलली, सगळं शांत झालं. बघतो तर हा मागच्या पडवीत. चपला घातलेल्या, दप्तर पाठीला लावलेलं, दप्तरात एक चड्डी आणि पाटी. म्हणतो, "आजोबा, काकाआजोबा मला विसरून गेला काय?"

दिवे लागेपर्यंत चपला काढल्या नाय त्याने. झालं तुझं समाधान?

महिपती


महाड,
१९ सप्टेंबर १९९९

ती. तात्यांना,

नमस्कार करते, घ्या अगर नका घेऊ.

माझी अक्कल चरायला गेली होती. रिकाम्या हाताने माणूस कसा पाठवू म्हणून साडी दिली. रेश्मा नांदो न नांदो, शुभमची आई आहे, तिचा मान राहावा म्हणून दिली. नातवाला आणायला घरातलं थोरलं माणूस गेलेलं बरं म्हणून सदूकाकांना पाठवलं. फेटा त्यांनी स्वतःच्या हौसेने बांधला. लबाडी नव्हती तात्या, गाढवपणा होता. सगळी रीत सांभाळली आणि नेमकी रेश्माला दुखवून बसले. तिच्या भिजलेल्या लुगड्यांचं मनाला फार लागलंय. तिला सांगा.

चपलांचं वाचून मी मशीनवर डोकं टेकून रडले. चंदूला सांगणार नव्हते, गुरुवारी न राहवून सांगितलं. तो जेवला नाही. उठून गेला तो थेट नदीपर्यंत. माझा जीव टांगणीला! मुरादने शोधून आणला. काठावर नुसता बसला होता.

आणि आता एक बोलते, रागवायचं तर रागवा. तुम्ही लिहिलं होतंत, पोरगं बापाचं नाव काढत नाही. मग दप्तर कुणासाठी भरलं होतंन? नाव काढत नसेल, कारण नाव काढलं की तुमच्या कपाळावर आठ्या चढतात आणि आजीच्या डोळ्यांना पाणी येतं. पोरं बघतात तात्या. आपल्यासाठी गप्प राहतात.

दुसरं. जूनपासून पत्रं कोण लिहितंय? तुम्ही आणि मी. हो आणि नाही कोण म्हणतंय? तुम्ही आणि मी. रेश्माला कुणी विचारलं? मी नाही विचारलं. तुम्ही विचारलंत?

माझं घर नको, तुमचं नको. पोलादपूरला स्टँडच्या मागे हफिजाभाभी राहते, बांगडीवाली. रेश्माच्या लग्नात हिरवा चुडा तिनेच भरला. दोन्ही घरांत तिचं येणंजाणं आहे, आणि ती कुणाच्या बापाला भीत नाही. तिच्या पडवीत तासभर भेट होऊ दे. साडी नाही, नारळ नाही, फेटा तर नाहीच नाही. पण हे रेश्माला विचारा. तिला काय हवं ते तिने लिहावं. ती नको म्हणाली तर मी पुन्हा कागद काळा करणार नाही.

शकू


कुडपण,
१२ ऑक्टोबर १९९९

शकूताईंना,

तात्यांनी तुमची सगळी पत्रं माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "तूच लिही." म्हणून लिहिते.

मी परत येणार नाही. हे तुम्ही, सदूकाकांनी आणि माझ्या आईनेसुद्धा मनातून काढून टाका. कडी तोडलेल्या त्या दाराशी मी उभी होते तेव्हाच माझं ठरलं. यांना सुधारायचं असेल तर त्यांनी सुधारावं, पण माझ्यासाठी नको आणि मला दाखवायला तर नकोच.

पण शुभमचा बाप तेच आहेत. दुसरा कुठून आणू? तो रात्री मला विचारतो, "बाबाला माझा राग आलाय काय? मी ओरडलो म्हणून?" इतके महिने हे पोटात धरून होता. मी सांगून त्याचं समाधान होत नाही. ते त्याला त्याच्या बापानेच सांगायला पाहिजे.

तेव्हा हफिजाभाभीकडे भेट होऊ दे. रविवारी ठेवा, कारण गुरुवारी त्याची शाळा असते. महिन्यातून दोनदा, दिवाळी झाल्यावर. तात्या त्याला खाली आणतील आणि तिथेच थांबतील. हे पिऊन आले तर भाभीने दारातून हाकलावं. खेळणी आणून पोराला फितवू नये. "आई कशी आहे, काय म्हणते" असं त्याला विचारू नये, आणि तो वर आल्यावर मीही त्याची उलटतपासणी घेणार नाही. यांना मला काही सांगायचं असेल तर कागदावर सांगावं, पोराच्या तोंडून नको.

आणि यायचं जमणार नसेल तर तसं कळवावं. त्याला वाट बघायला लावलेलं मला चालणार नाही.

साडी धुऊन ठेवली आहे. चांगली आहे. पण ती मी नेसणार नाही, परत पाठवते.

रेश्मा


कुडपण,
१६ नोव्हेंबर १९९९

चि. शकूस आशीर्वाद.

रविवारी पहिली भेट झाली. तू जीव मुठीत धरून बसली असशील, म्हणून लगेच लिहितो.

आम्ही सकाळच्या एसटीने उतरलो. मनात म्हटलं, तो काय येत नाय. बघतो तर भाभीच्या पायरीवर बसलेला, आमच्या आधीपासून. दाढी केलेली, इस्त्रीचं शर्ट. हडकलाय गो. मी नमस्कार घेतला नाय. समोर दगडावर काठी घेऊन बसलो.

बाप आणि लेक, दोघांच्या तोंडात मिठाची गुळणी. हा पायाच्या अंगठ्याने जमीन उकरतोय, तो हात कुठे ठेवू म्हणून बघतोय. मला वाटलं, असंच बसणार आणि तास संपणार. तेवढ्यात भाभी आतून एक खोकं घेऊन आली. म्हणाली, "चंदू, नुसता बसू नकोस रे. गाडीवाल्याने माल आपटलान, अर्ध्या बांगड्या फुटल्या. धड त्या वेगळ्या करून दे मला. दोघं मिळून करा." भाभीला मी उगाच बांगडीवाली समजत होतो. वकील व्हायला पाहिजे होती.

पोरगं खोक्यात हात घालायला गेलं तसा चंदूने त्याचा हात धरला. म्हणाला, "काच हाय. तू रंग सांग, मी उचलतो." मग सुरू झालं. "हिरवी." "ही घे." "लाल." "फुटकी." "पिवळी." "ही बघ, धड निघाली." असं करता करता दोघांचे गुडघे एकमेकाला लागले. मी बघत नव्हतो, पण दिसत होतं.

मग मध्येच, रंग सांगतोय तसंच, पोरगं म्हणालं, "तू कुलूप लावून कुठे गेलेलास?"

आता हा काय बंडल मारतो ते बघू, म्हटलं. तुझ्या भावाने हातातली बांगडी खाली ठेवली. मग म्हणाला, "दारू प्यायला गेलेलो. तुला कोंडून गेलो. लय वाईट केलं मी." पोरगं म्हणालं, "मी ओरडलो म्हणून तू रागावलास काय?" तर म्हणाला, "नाय रे राजा. तू ओरडलास ते बरोबरच केलंस. तुझं काय चुकलं नाय, माझं चुकलं." आणि परत खोक्यात हात घातला, पण डोळे भरलेले, त्याला काय दिसत नव्हतं. एक बोट कापून घेतलं. पोराने भाभीकडून हळद आणली आणि लावली. बांधायला माझा रुमाल मागितला. दिला मी.

मी गिरणीत पोरांना मुकादमासमोर खोटं बोलताना इतकं बघितलंय, की खरं बोलणारा माणूस लगेच ओळखतो. हे तुझ्या भावाला सांगू नको, डोक्यावर चढेल.

घाट चढताना पोराचं तोंड बंद नाय. रेश्माने काय विचारलं नाय, ह्यानेच सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता भाकरी थापत होती. दोन भाकऱ्या करपल्या.

महिपती


महाड,
२ जानेवारी २०००

ती. तात्यांना शकूचा नमस्कार.

चार भेटी झाल्या, चारही वेळा चंदू वेळेवर गेला, हे तुम्ही कबूल केलंत म्हणून आज मी शिरा केला. गुरुवारच्या सुट्टीचा माणूस रविवारी मोकळा कसा होतो, ते आता सांगते. मुराद त्याच्याशी पाळी बदलून घेतो. नाहीतर चंदू शनिवारी रात्रपाळी करतो आणि सकाळी न झोपता तसाच पोलादपूर गाठतो. भाभी म्हणत होती, परवा बांगड्या निवडता निवडता भिंतीला टेकून झोपला, आणि शुभमने त्याच्या तोंडावरच्या माशा वारल्या.

रंगूकाकूंना गुडघ्याचं तेल पाठवलंय, शुभमच्या हाती नाही, भाभीच्या हाती. नियम म्हणजे नियम.

शकू


कुडपण,
१५ फेब्रुवारी २०००

चि. शकूस आशीर्वाद.

परवाच्या रविवारचं तुझ्या कानावर आलं असेल, पण ते माझ्याकडून ऐक, कारण मुराद तिखटमीठ लावून सांगणार.

तुझा भाऊ आला नाय. आम्ही भाभीच्या पायरीवर. एक एसटी आली, दुसरी आली. पोरगं दर गाडीला उठून उभं राहतंय. निरोप नाय, काय नाय. फोनचा बूथ रविवारी बंद. माझं डोकं तापलं. मी म्हटलं, गेला परत दारूवर. ऊठ शुभम, घरी चल, आता परत कधी यायचं नाय. पोरगं रडलं नाय, नुसतं पायरीला धरून बसलं. भाभी म्हणाली, "तात्या, शिव्या द्यायच्या तर त्याच्या तोंडावर द्या. इथे माझ्या पडवीला कशाला? महाड काय लांब हाय?"

मला तेच पटलं. म्हटलं, चल, आज ह्याला भर कारखान्याच्या दारात उभा करतो. पोराला घेतलं आणि महाडच्या गाडीत बसलो. कारखान्यांच्या वसाहतीच्या फाट्याला उतरलो, विचारत विचारत गेटावर गेलो. वॉचमनला म्हटलं, "चंदूला बोलव. पिऊन पडला असेल तर उचलून आण." तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "आजोबा, तो रात्रीपासून आत हाय. बदलीचा माणूस आला नाय सकाळी. आत भट्टी चालू असते, दुसऱ्याच्या हाती दिल्याशिवाय सोडून जाता येत नाय. सकाळपासून तीन वेळा गेटावर येऊन गेला, पोलादपूरला कोणी जातंय काय विचारत."

मग त्याला निरोप गेला. पाच मिनिटांसाठी सोडला. कारखान्याचं ते पिवळं कडक टोपडं डोक्यावर, गमबूट, डोळे लालभडक, अंगाला तो वास. आम्हाला बघितलं आणि पाय जागच्या जागी थांबले. मी तोंड उघडलं. वाटेत सगळ्या शिव्या जुळवून ठेवलेल्या गो, एकापेक्षा एक. एक आठवेल तर शपथ. तोंडातून निघालं ते, "जेवलास काय?"

नव्हता जेवला. आमची शिदोरी त्याला दिली. गेटाच्या सळ्यांतून. पोराने ते टोपडं मागून घेतलं, घातलं, ते पार नाकावर आलं. वॉचमन हसला, चंदू हसला, मग मीपण हसलो. पाच मिनिटं संपली तेव्हा तो माझ्या पाया पडायला वाकला, मध्ये गेट होतं. मी म्हटलं, राहू दे, आत जा, भट्टी बघ.

घरी आलो आणि रेश्माला सगळं सांगितलं, मी काय समजलो होतो तेपण. ती म्हणाली, "तुम्ही पोराला घेऊन गेलात, ते बरं केलंत." मग बराच वेळ चूल फुंकत बसली. आणि म्हणाली, मे महिन्याच्या सुट्टीत शुभमला दहा दिवस शकूताईंकडे राहू दे, बाप तिथे येऊन जाऊन राहील. मी तिला दोनदा विचारलं, नक्की ना? ती म्हणाली, नक्की.

तू हो म्हण, म्हणजे पुढचं बघू.

महिपती


महाड,
१२ मे २०००

ती. तात्यांना, रंगूकाकूंना आणि रेश्माला शकूचा नमस्कार.

पोर सुखरूप आहे, काळजी नको. रविवारी आल्या आल्या माझ्या मशीनची सुई मोडली. चंदू पाळी सुटली की इकडेच येतो. दोघे संध्याकाळी बाजारात जाऊन मासळी आणतात, आणि चंदू काटे काढून देतो. रात्री एका गोधडीत झोपतात आणि एकमेकांना लाथा मारतात.

एकच घोटाळा झाला. शुभमने आगगाडी कधी बघितलेली नाही. काल गुरुवार, चंदूची सुट्टी, म्हणून वीरला स्टेशनावर नेऊन गाडी दाखवायची असं दोघांचं ठरलं होतं. रिक्षाही सांगून ठेवली. पण आदल्या दिवशी पोराने कुणाचा डोळा चुकवून एवढे आंबे खाल्ले, की काल दिवसभर पोट धरून बसला. आता बरा आहे. चंदूचं तोंड मात्र अजून एवढंसं. पुढची सुट्टी पुढच्या गुरुवारी, आणि रेश्माने दहा दिवस सांगितलेत, म्हणजे बुधवारी पाठवायला हवा. मी चंदूला बजावलं, ठरलं ते ठरलं, गाडी दिवाळीत बघा. तो हो म्हणाला. बुधवारी सकाळच्या एसटीने मी स्वतः भाभीकडे आणून सोडते.

शकू


कुडपण,
१५ मे २०००

चि. शकूस अनेक आशीर्वाद.

पोस्टाचा भरवसा नाय म्हणून खाली येणाऱ्या माणसाच्या हाती ही चिठ्ठी देतोय.

पोरगं गेल्यापासून घर खायला उठतंय. गुरांना कोणी ओरडत नाय. ही दोन वेळा त्याचं ताट वाढते आणि परत उचलते. मी रोज संध्याकाळी खालच्या रस्त्यापर्यंत जाऊन येतो, एसटीतून कोण उतरतं ते बघायला. कोणी उतरणार नाय हे ठाऊक असून जातो. इतके महिने मी चंदूच्या नावाने बोटं मोडली, पण वाट बघणं म्हणजे काय, ते मला आठ दिवसांत कळलं. त्याने कसं काढलं असेल गो?

तुझं पत्र रेश्माला वाचून दाखवलं. आम्ही दोघांनी बोलून ठरवलंय, तेव्हा नीट ऐक आणि आपली अक्कल चालवू नको. बुधवारी पाठवू नकोस. गुरुवारी बाप त्याला वीरला घेऊन जाऊ दे, पोटभर गाडी बघू दे, एक गेली तर दुसरीपण बघू दे. शुक्रवारी आण. दमला असेल तर शनिवारी आण.

आम्हाला करमत नाय, ते आमचं आम्ही बघू.

महिपती